भाच्याची पहिली नोकरी

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. बाहेर पावसाची झड लागली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा भिजत दारात येऊन उभा राहिला. डब्याची पिशवी छातीशी धरलेली. आत ये म्हटले तरी येईना.

"मामा, उद्यापासनं येऊ नको म्हणालेत."

"का? काय केलंस?"

"काय केलं न्हाई," तो म्हणाला.

पोरगा आय.टी.आय.चा टर्नर. गुण चांगले. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागून त्याला जेमतेम सात आठवडे झाले होते. आमच्या घराण्यात मशिनवर काम करणारा माझ्यानंतर हा दुसरा. म्हणून नोकरीला लागण्यापूर्वी बहिणीने त्याला तीन दिवस माझ्याकडे पाठवले होते. "तुम्ही कारखान्यात जन्म काढलाय, त्याला चार गोष्टी सांगा," असे तिचे म्हणणे.

मी त्या सांगितल्या होत्या. दहा मिनिटे आधी पोचायचे. नखे कापलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडलेल्या, पायात बूट. मशिनजवळ मोबाईल काढायचा नाही. कीस हाताने ओढायचा नाही, हुकाने ओढायचा. गेज आणि मायक्रोमीटर वापरून झाले की पुसून जागेवर. कोणाच्या भांडणात, कोणाच्या चहाड्यांत पडायचे नाही. आणि शेवटी, सर्वांत महत्त्वाची म्हणून सांगितलेली गोष्ट: मोठ्यांना उलट बोलायचे नाही. मान खाली आणि काम चालू.

ही शेवटची गोष्ट मी कुठून शिकलो, ते आधी सांगितले पाहिजे.

1979 साली मी अठरा वर्षांचा असताना शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. ऑईल इंजिनाचे सुटे भाग तिथे व्हायचे. चार लेथ, एक ड्रिल, एक शेपर. माझे काम लेथखालचा कीस गोळा करायचे, जॉब उचलून द्यायचे आणि चहा आणायचे. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी विचारले, "आडनाव काय?" मी सांगितले. पुढे ते काहीच बोलले नाहीत. चांगलेच वागले, दुपारी भाकरी खायला वेळेवर सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर माठाशेजारच्या खिडकीत ॲल्युमिनियमचा एक जुना पेला ठेवलेला. बाकीचे पेले माठावरच्या फळीवर, हा एकटा खिडकीत. कोणी मला काही सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती.

घरी येऊन आईला सांगितले. ती चुलीपुढे बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोटाकडं बघ बाळ, पेल्याकडं बघू नको."

मी पोटाकडे बघितले. तिसऱ्या दिवसापासून घरून पाण्याची बाटली न्यायला लागलो. म्हणजे मला त्या पेल्याने पाणी प्यावे लागले नाही आणि फळीवरचा पेला उचलण्याचा प्रश्नही आला नाही. अशी सात वर्षे त्या जागी काढली. पुढे दुसरीकडे गेलो, टर्नर झालो, 2019 साली निवृत्त झालो. सत्काराच्या वेळी सगळे म्हणाले, "फार शांत माणूस. चाळीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही." मला ते शाबासकीसारखे वाटले होते.

त्यात चमत्कारिक गोष्ट अशी की गंगाराम कांबळे यांची हकिकत मला तेव्हाही पाठ होती. आपल्या कोल्हापुरात ती कोणाला ठाऊक नाही? शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम नोकरीला होते. हौदाचे पाणी घेतले म्हणून तिथल्याच सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज त्या वेळी गावात नव्हते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. भाऊसिंगजी रोडवर सत्यसुधारक हॉटेल निघाले. महाराज तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. ही गोष्ट मी विहारात 26 जूनच्या कार्यक्रमात दोनदा भाषणात सांगितली आहे. टाळ्या पडल्या. पण गंगाराम यांचे भांडण नोकरीच्या जागी मिळणाऱ्या पाण्यावरूनच झाले होते, आणि माझाही प्रश्न तोच होता, हे माझ्या डोक्यात कधी जुळलेच नाही. भाषणातला गंगाराम वेगळा आणि खिडकीतला पेला वेगळा.

असो. भाच्याकडे वळतो.

त्याला कोरड्या कपड्यांत बसवला, चहा पाजला, मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्याला सी.एन.सी. मशिनवर जॉब लावायचे-काढायचे काम होते आणि दर पाचव्या जॉबचे बोअर प्लग गेजने तपासायचे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गेजला दोन टोके असतात. एक 'गो', ते भोकात गेले पाहिजे. दुसरे 'नो-गो', ते जाता कामा नये. नो-गो आत गेला म्हणजे भोक मोठे झाले. कमी कापले गेले असेल तर पुन्हा कापता येते, पण जास्त कापलेले लोखंड परत चिकटवता येत नाही. तो जॉब गेला.

त्या दिवशी दुपारी सेटरने इन्सर्ट बदलला, ऑफसेट दिला आणि तो चहाला गेला. पाचवा जॉब आला. भाच्याने गेज लावले. नो-गो आत गेला. त्याला वाटले गेजला तेल लागले असेल. पुसून पुन्हा लावले. पुन्हा आत गेला.

"मग?"

"मग काय न्हाई. लावला पुढचा."

सकाळीच सेटर त्याच्यावर खेकसला होता, "तू फक्त जॉब लाव, डोकं लावू नको." हा बिचारा गप्प बसला. संध्याकाळी तपासणीत सव्वीस जॉब रद्द झाले. सेटर म्हणाला, पोराने गेज लावलेच नाही. पोरगा तिथेही गप्प.

"अरे, लावलं होतं म्हणून सांगायचं की!"

त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्हीच सांगितलंय न्हवं, मोठ्यांना उलट बोलायचं न्हाई म्हणून."

माझी बायको भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. जाताना कराराची प्रत पिशवीत घेतली. हे आपल्या लोकांना पुष्कळदा ठाऊक नसते म्हणून सांगतो. शिकाऊ उमेदवारांचा 1961 सालचा कायदा आहे. त्याखाली ठेवलेल्या उमेदवाराचा करार सरकारकडे नोंदलेला असतो. कोणी तोंडाने 'उद्यापासून येऊ नको' म्हटल्याने तो संपत नाही, त्यासाठी सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे रीतसर अर्ज करावा लागतो. आपल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी या कायद्यात राखीव जागांचीही तरतूद आहे. ती प्रत घरी लोखंडी पेटीच्या तळाशी पडून असते आणि पोरगा रडत घरी येतो, असे व्हायला नको.

पण ती प्रत मला काढावी लागली नाही. सुपरवायझर तिशीतला मुलगा होता. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. भाच्याला विचारले, "गेज लावलं होतंस?" हा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटले, "साहेबांकडं बघ, आणि काय झालं ते सांग." मग तो बोलला. आवाज कापत होता, पण सरळ बोलला. पाचवा जॉब, पुसून पुन्हा लावलेले गेज, चहाला गेलेला सेटर, सगळे.

सुपरवायझर थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "मला जॉब गेल्याचा राग न्हाई. इन्सर्ट बदलल्यावर असं होतंय कधी कधी. पण तुला दिसलं होतं, तर बोलला का न्हाईस? मशिन थांबवायचं लाल बटण कशाला हाय तिथं?"

त्या प्रश्नाचे उत्तर भाच्याजवळ नव्हते, माझ्याजवळ होते. मी सांगितले, "साहेब, मी शिकवलं त्याला. चूक माझी." अठरा वर्षांच्या पोरापुढे, तिशीतल्या साहेबापुढे, चौसष्ट वर्षांच्या माणसाने असे म्हणणे सोपे नव्हते. पण म्हटल्यावर हलके वाटले हेही खरे.

त्याला पंधरा दिवस तपासणी विभागात बसवले, मग पुन्हा मशिनवर घेतले. सेटर दोन महिने त्याच्याशी धड बोलला नाही. तेही सोसायचे असते. त्याला मी 'हे तुझे शिक्षण आहे' वगैरे काही सांगितले नाही.

तेव्हापासून विहारात महिन्यातून दोन रविवारी आम्ही नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना घेऊन बसतो. वर्ग म्हणावा असे काही नाही. मी असतो, नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एक आक्का असतात, दवाखान्यात नोकरी केलेली एक बहीण असते. शहरात असल्या गोष्टी शिकवणारे क्लास निघाले आहेत. हजारो रुपये घेऊन हस्तांदोलन कसे करावे आणि इंग्रजीत आपली ओळख कशी सांगावी ते शिकवतात. शिकवोत बापडे. पण आपल्या मुलांना हात मिळवता येत नाही म्हणून त्यांचे अडत नाही. बोलायचे कुठे आणि गप्प राहायचे कुठे, हे कळत नसल्याने अडते, आणि ते न कळण्यामागे आमच्यासारख्या आईबापांची पिढ्यानपिढ्यांची भीती असते.

म्हणून आम्ही आता मुलांकडून वाक्ये मोठ्याने म्हणून घेतो. "सर, नो-गो आत जातोय, जरा बघता का?" "मला समजले नाही, पुन्हा एकदा सांगता का?" "माझ्या हातून चूक झाली, ही पाहा." हे उलट बोलणे नव्हे. कामाविषयी बोलणे हा कामाचाच भाग आहे. जॉब चुकतोय हे सांगणारा उद्धट नसतो. मालकाच्या बापाचा उद्धार करणारा उद्धट असतो. हा फरक पोरांना चटकन कळतो, मोठ्यांना समजावताना वेळ लागतो.

वेळेचेही तसेच. दहा मिनिटे आधी जा, हे मी अजूनही सांगतो. पण का, ते आता सांगतो. आमच्या आज्याला वतनाच्या कामाला कधीही बोलावणे यायचे. रात्री, पहाटे, घरात मयत असले तरी. ना वेळ, ना मजुरी, ना सुट्टी. महाराजांनी संस्थानातली वेठबिगार बंद केली. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि 1946 साली कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले, ते त्यांच्याच खात्याने आणलेल्या दुरुस्तीने. घड्याळ आपल्या बाजूने यायला इतका खटाटोप झाला. तेव्हा ठरलेल्या वेळेला हजर राहायचे आणि ठरलेल्या वेळेनंतर थांबवले तर जादा कामाची नोंद झाली का, तेही बघायचे. एक मुलगा म्हणाला, "मामा, वेळेवर जाणं म्हणजे मालकाची भीती न्हवं तर!" त्याला ते माझ्यापेक्षा चांगले समजले होते.

आक्का पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवतात. प्रॉव्हिडंट फंडाचे बारा टक्के, राज्य कामगार विम्याचे पाऊण टक्का, हे पैसे कापले म्हणजे बुडाले असे नव्हे. पण कापले आणि भरले का, ते स्वतः तपासायचे. नेमणूकपत्र मागायला लाजायचे नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांप्रमाणे ते प्रत्येक कामगाराला द्यावे लागते. आक्कांचा यावर फार जोर. त्यांच्या स्वतःच्या नोकरीची पहिली तीन वर्षे कागदावर कुठेच नाहीत.

मग येतात ते खरे अवघड प्रश्न, आणि ते मुले सगळ्यांसमोर विचारत नाहीत. चहा घेताना, चपला घालताना विचारतात. "मामा, जयभीम म्हणायचं का तिथं?" माझे मत असे: सगळ्यांना नमस्कार करावा, आणि आपले माणूस भेटले तर जयभीम मोकळ्या आवाजात म्हणावे, इकडेतिकडे बघून कुजबुजू नये. "आडनाव विचारलं तर?" सांगायचे. "मग गाव, मग गल्ली विचारतात." तेही सांगायचे. फिरवाफिरव केली की विचारणाऱ्याला चव येते. दवाखान्यातली बहीण म्हणते, तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "मी बौद्ध आहे, राखीव जागेवर आले आहे, आणि इंजेक्शन मी दुखू देत नाही." त्यानंतर तिला कोणी विचारले नाही. सगळ्यांना असे जमेलच असे नाही. मला नसते जमले.

खंडेनवमीचा प्रश्न दरवर्षी येतो. उद्यमनगर असो वा शिरोली, सगळीकडे मशिनची पूजा होते. हळदकुंकू, हार, पेढे. आपण काय करावे? मी आयुष्यभर एकच केले. आदल्या दिवशी माझा लेथ रॉकेलने धुऊन, तेल देऊन असा लख्ख करायचो की बेडवर तोंड दिसावे. पूजेच्या वेळी बाजूला उभा राहायचो, पेढा घ्यायचो आणि सगळ्यांना शुभेच्छा द्यायचो. दुसऱ्या दिवशी अशोक विजयादशमी, त्याची रजा पंधरा दिवस आधी लिहून दिलेली असायची. कोणी कधी हरकत घेतली नाही. एक मिस्त्री तर म्हणायचे, "हार आम्ही घालतो, पण मशिनची खरी सेवा ह्योच करतो." त्यांना सेवा म्हणू दे. मी साफसफाई म्हणतो.

सिगालोवाद सुत्त आम्ही वाचून दाखवतो. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही उपासकांच्या विनयात मालक आणि नोकर यांची कर्तव्ये आलेली आहेत. नोकराने मालकाच्या आधी उठावे, दिलेले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे, त्याचे नाव चांगले राखावे. हे आईबापांना फार आवडते, माना डोलावतात. पण तथागतांनी ते आधी मालकाला सांगितले आहे: झेपेल एवढेच काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड असेल तर वाटून खावे, वेळोवेळी सुट्टी द्यावी. नोकराची पाच, तशी मालकाचीही पाच. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा दोन बाजूंचा करार आहे. मी भाच्याला त्यातली एकच बाजू शिकवून पाठवला होता.

आणि कोणी खरोखरच जात काढली तर? पेला आता खिडकीत ठेवत नाहीत, पण 'तुमचं काय बाबा, सरकारचे जावई' हे अजून ऐकू येते. यावर आम्ही वीरश्रीची भाषणे करत नाही. त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचे: तारीख, वेळ, कोण, काय शब्द, कोण ऐकत होते. मग वरिष्ठांना लेखी द्यायचे. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण त्याच्या दारात जाताना वही हातात असली पाहिजे. रागाच्या भरात नोकरी सोडून घरी येऊ नये. कोणी म्हणतात, बाबासाहेबांनी नाही का बडोद्याची नोकरी सोडली? सोडली. 1917 साली कोलंबियात शिकून आलेल्या माणसाच्या टेबलावर शिपाई लांबून फायली फेकत, प्यायला पाणी मिळत नसे आणि राहत्या जागेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. राहायला छप्परच उरले नाही, तेव्हा ते परतले. आणि पुढे ती हकिकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. पोरांना मी या लिहून ठेवण्याकडे लक्ष द्यायला सांगतो.

मागच्या रविवारी एक मुलगी आली होती. राजारामपुरीतल्या एका दुकानात हिशेबाच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी लागणार होती. सराव म्हणून मी मालक झालो. तिने बिलातली चूक दाखवायची आणि मी ओरडायचे, असा आमचा खेळ असतो. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "गप्प बस! कालची पोर तू, मला शिकवतीस?" ती दचकली. मग बिल माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "गप्प बसते सर, पण आधी हे एकदा बघा." सगळे हसले, आक्कांनी टाळी दिली.

जाताना ती दारात थांबली. पेल्याची गोष्ट तिने कोणाकडून तरी ऐकली असावी.

"मामा, त्या पेल्याचं शेवटी काय झालं?"

"काही न्हाई. नोकरी सोडली तेव्हा तिथंच होता खिडकीत. धूळ बसलेली."

"घेऊन यायचा न्हाई का?" ती म्हणाली. "आज इथं दाखवायला झाला असता."